धुराड्यातले नाक

मोटारगाडी हा माझा विषय नव्हे. गेली वीस-बावीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि संतवाङ्मय व व्याकरण ह्यांच्या पलीकडे माझी फारशी धाव नाही. गाडीचे बॉनेट उघडून आत पाहण्याचा प्रसंग आलाच, तर अंधाऱ्या विहिरीत डोकवावे तसा मी डोकावतो. दिसत काहीच नाही. पाहिल्याचे समाधान तेवढे मिळते. तेव्हा अशा माणसाने ऑक्सिजन सेन्सर नावाच्या वस्तूवर दिवाळी अंकात लेख लिहावा ह्याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ही बोटभर लांबीची वस्तू बदलण्याचे साडेतीन-चार हजार रुपये मी एकदा वाचवले आणि ते आमच्या घराला फार महाग पडले. त्याची ही हकिकत.

आमची गाडी २००१ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून ती मुंबईत घेतली. छोटी, चार माणसांची, पेट्रोलवर चालणारी. कार्ब्युरेटरची सद्दी संपून पेट्रोल मोजून फवारणारी इंजिने तेव्हा नुकती घरोघर येऊ लागली होती. त्या दिवसापासून आजतागायत अण्णांनी एक वही ठेवली आहे. पेट्रोल किती भरले, किती किलोमीटर झाले, लिटरला किती पडले, टायरमध्ये हवा केव्हा भरली, सारे त्या वहीत आहे. ‘ज्ञानेश्वरी’ आणि ही वही अशी दोन पुस्तके अण्णांच्या उशाशी असतात. कुठले अधिक वेळा उघडले जाते हे सांगून मी त्यांना अडचणीत आणीत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता गाडीने एकाएकी आवाज काढला. सकाळी गाडी सुरू केली की ठाण्यातली आमची सगळी आळी जागी होई. मेस्त्रीने पाहून निदान केले : इंजिनातून धूर बाहेर आणणारा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला आहे आणि मागचा सायलेन्सर गंजून चाळण झाला आहे. गाडीचे उत्पादन बंद होऊन वर्षे लोटलेली. मूळचा मॅनिफोल्ड मिळेल, पण केव्हा ते सांगता येत नाही.

इकडे आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामोपचारासाठी न्यावे लागे. रिक्षाच्या धक्क्यांनी तिच्या डोळ्यांत पाणी येई. गाडी हवीच होती.

अशा वेळी चिरंजीव पुढे सरसावले. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे सर्व काही कळण्याच्या वयाचे आहेत. “बाबा, बिडाचा मॅनिफोल्ड कशाला शोधायचा? स्टेनलेस स्टीलचा हेडर बसवू. चार सिलिंडरच्या चार स्वतंत्र नळ्या, खाली येऊन एकत्र मिळणाऱ्या. मागे थोडी मोठी नळी, नवा सायलेन्सर. इंजिन मोकळा श्वास घेईल!” इंजिनाच्या श्वासाशी मला कर्तव्य नव्हते, पण गाडी आठ दिवसांत मिळणार होती. मी होकार दिला. फक्त कन्व्हर्टर जागच्या जागी राहील आणि आवाज मूळच्यापेक्षा वाढणार नाही, एवढ्या दोन अटी अण्णांनी घातल्या. त्या रास्तच होत्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत वाटेल तो बदल करू देत नाही, हे अण्णांना तोंडपाठ आहे.

ज्या गॅरेजात काम दिले तिथल्या माणसाने मला फोन केला. संभाषण माझ्या लक्षात आहे, कारण नंतर कित्येक रात्री मी ते मनाशी घोळवले.

“सर, सेन्सर पण नवीन टाकून घेऊ. नळी लांब झालीय, जुना आता इंजिनापासून लांब जातोय. हीटरवाला लागेल.”

“जुना बिघडलाय का?”

“तसा चालू आहे.”

“चालू आहे ना? मग राहू द्या की!”

मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडी हे वाक्य इतके सहज येते की ते आपण उच्चारले हेही कळत नाही. आमच्या घरात ह्या एका वाक्यावर शिवणयंत्र, मिक्सर, छत्र्या आणि एक चुलत काका वर्षानुवर्षे चालले आहेत.

गाडी आली. चार दिवस मोठ्या आनंदात गेले. आवाज गोड, चाल हलकी. किमान आम्हांला तसे वाटले, कारण खर्च केल्यावर तसे वाटतेच. मग गाडीत पेट्रोलचा मंद वास येऊ लागला. चौकात उभी असताना गाडी धापा टाकी. मागच्या नळीचे तोंड काजळाच्या डबीसारखे काळे झाले. आणि अण्णांच्या वहीत एकाखाली एक आकडे पडू लागले : १४.१, १२.६, १०.३, ९.४. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वही माझ्या चहाच्या कपाशेजारी उघडी ठेवली, इतकेच.

“नवीन आहे, बसायला वेळ लागेल,” मी म्हणालो. चपलांविषयी जे ज्ञान होते ते मी मोटारीला लावले.

त्याच सुमारास आईचे डोके दुखू लागले. मळमळ होई, अंग गळून जाई. व्यायाम झेपत नसावा असे सौ. म्हणाली, पित्त असेल असे मी म्हणालो, डॉक्टरांनी रक्तदाब पाहून गोळी बदलून दिली. तीन आठवडे हे असेच चालले. मागच्या सीटवर, काचा वर करून, शाल पांघरून ती बसे आणि उतरताना म्हणे, “आज जरा जास्तच गरगरतंय रे.”

ह्या दोन गोष्टींची सांगड आमच्यापैकी कुणीही घातली नाही. ती घातली पीयूसीच्या केंद्रावरच्या एका विशीतल्या पोराने. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून मी गाडी नेली होती. त्याने नळीत दांडी घातली, यंत्राकडे पाहिले, पुन्हा घातली. भारत स्टेज दोनच्या ह्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याची. आमचा आकडा होता २.३.

“काका, नापास आहे,” तो म्हणाला. मग गाडीच्या पुढच्या बाजूला वाकून त्याने कान लावला. “आणि खाली कुठेतरी फुसफुसतंय. काचा बंद करून बसू नका हां हिच्यात.”

मी घरी आलो तो चारी काचा उघड्या ठेवून. आल्या आल्या आईला विचारले, डोके केव्हा दुखते? ती म्हणाली, “सोमवार, बुधवार, शुक्रवार.” शनिवार-रविवारी कधी दुखले होते का? नाही. मी खुर्चीवर बसलो. पाणी मागावेसे वाटले, पण मागितले नाही. कारण मग का, ते सांगावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत रसायनशास्त्राचे आमचे एक सहकारी भेटले. गृहस्थ निवृत्तीला आलेले आणि शिकवण्याची हौस अजून शिल्लक असलेले. माझी कर्मकथा ऐकून त्यांनी चहाची बशी बाजूला केली आणि टेबलावर बोटाने आकृती काढायला सुरुवात केली.

“अहो, तो सेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक,” ते म्हणाले. “धुराड्यात बसून वास घेतो.”

त्यांनी सांगितले ते असे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा जास्त झाली तर धुरात प्राणवायू उरतो. इंजिनावरचा संगणक पेट्रोल मोजून देतो खरा, पण दिलेले बरोबर होते की नाही हे त्याला कळणार कसे? धुराकडे पाहून. धुराच्या वाटेवर झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचे, चिनी मातीसारखे दिसणारे एक छोटे टोपण असते. त्याच्या आतल्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या अंगाला धूर. ते तीनशे अंशांच्या वर तापले की प्राणवायूचे आयन त्यातून आरपार जाऊ शकतात आणि दोन्ही अंगांच्या प्राणवायूत जो फरक असेल त्याप्रमाणे विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरात प्राणवायू नाही, तर सुमारे ०.९ व्होल्ट, प्राणवायू उरला आहे, तर ०.१. संगणक हे वाचतो आणि पेट्रोल कमी किंवा अधिक करतो. मग पुन्हा वाचतो. गाडी चालू असेपर्यंत हा लपंडाव चाललेला असतो.

“ह्यातलं गणित वॉल्टर नेर्न्स्टचं. १९२० चं नोबेल त्याला. गंमत म्हणजे त्याने १८९७ साली एक विजेचा दिवा काढला होता, त्याची कांडीही झिर्कोनियाचीच होती. पुढे जर्मनीत बॉश कंपनीने त्याच पदार्थाचा हा सेन्सर केला आणि १९७६ मध्ये तो गाड्यांसाठी बाजारात आणला. कॅलिफोर्नियात विकायच्या व्होल्वो गाड्यांवर पहिल्यांदा बसला. समोरच्या जाळीवर ‘लॅम्डा सोंड’ अशी पट्टी मिरवीत त्या गाड्या हिंडत.”

नाकाने एवढी काटेकोर वर्दी का द्यायची, ह्याचे कारण पुढे बसलेला कन्व्हर्टर. त्याच्या जाळीदार पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. मोनॉक्साइडला प्राणवायू द्यायचा, न जळलेले पेट्रोल जाळायचे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून प्राणवायू काढून घ्यायचा, अशी तीन उलटसुलट कामे तो एकाच वेळी करतो. पण मिश्रण त्या १४.७ च्या अगदी आसपास असेल तरच. ते सुटले की एखादे काम बिघडते. मिश्रणात पेट्रोल फारच जास्त झाले, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरातच पेटते आणि तो आतून वितळतो. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले, त्याचेही एक कारण हेच. शिसे ह्या दोघांचेही विष.

“पण माझा सेन्सर तर चालू होता!” मी म्हणालो.

“चोवीस वर्षांचा?” सहकाऱ्यांनी बशी पुन्हा पुढे ओढली. “तुम्हांला चाळिशी लागली तेव्हा डोळे चालूच होते ना?”

त्यांनीच मला एका मामांचा पत्ता दिला. रेल्वे रुळांलगतच्या एका गल्लीत मामांचे गॅरेज. फलक नाही, पत्र्याच्या छपराखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा. सत्तरीचे मामा, हाताखाली त्यांचा पुतण्या. मी आदल्या दिवसापासूनची सगळी हकिकत सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला. “गाडीला बोलू द्या, सर.”

पुतण्याने मागच्या नळीचे तोंड फडक्याने दाबून धरले. मामांनी पाण्यात साबण कालवून, इंजिन थंड असतानाच, हेडरच्या प्रत्येक जोडावर ब्रशने फिरवला. चार नळ्या जिथे एकत्र येतात, त्याच्या खालच्या जोडाशी बुडबुड्यांचा फेस उसळला. जोडात गॅस्केट नव्हतेच. त्याजागी सीलंटचा लपका होता, साधा सिलिकोनचा. आणि ह्या जोडाच्या वीतभर पुढे, नळीच्या पोटाला, खाली तोंड करून आमचा जुना सेन्सर लटकत होता.

“बघा आता,” मामा म्हणाले. “धूर काही सरळ धारेनं जात नाही. धक-धक करत जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळी उलटी ओढते, आणि भोकातून बाहेरची हवा आत घेते. ती हवा लागते ह्याच्या नाकाला. हा ओरडतो, प्राणवायू उरला, पेट्रोल कमी पडतंय! वरचा कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. भोक काय बुजत नाही, हा ओरडायचा थांबत नाही. वाढव, आणखी वाढव.”

म्हणजे वर पेट्रोलचा पूर वाहत होता आणि संगणक आपल्या परीने दुष्काळ निवारण करीत होता! आणि ज्या भोकातून हवा आत जात होती, त्याच भोकातून कच्चा धूर, कन्व्हर्टरपर्यंत पोहोचण्याआधीच, बाहेर पडत होता. पायाखालच्या पत्र्याशी, हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो. रक्तातला हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवतो. आम्हांला जो वास येत होता तो त्याच्यासोबत सुटलेल्या पेट्रोलचा. आणि तो आला हे आमचे नशीब.

मामांनी जोडात नवे गॅस्केट घालून बोल्ट आवळले, आणि मग सेन्सरच्या तारेला मीटर लावले. इंजिन चांगले तापवून, गती वाढवून धरली. निरोगी सेन्सरचा काटा अशा वेळी दहा सेकंदांत पाच-सहा वेळा तरी ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झोके घेतो. आमचा काटा वृद्ध गृहस्थ जिना चढतात तसा चालला होता : चढला, थांबला, विचार केला, उतरला. आणि गाडी जागेवर नुसती चालू ठेवल्यावर दोन मिनिटांत तो मध्येच थिजला.

“झोपला,” मामा म्हणाले. “थंड पडला की झोपतो. आधी हा बिडाच्या मॅनिफोल्डवर होता, इंजिनाच्या गालाला गाल लावून. तिथं त्याला ऊब होती, म्हणून म्हातारपण झाकून गेलं. तुम्ही त्याला हातभर लांब नेला, वर पातळ स्टीलची नळी, ती लवकर निवते. आणि ह्याला एकच तार. स्वतःची शेगडी नाही.”

मला फोनवरचे ते संभाषण शब्दशः आठवले. गॅरेजवाल्याने बाकी काहीही केले असो, ही एक गोष्ट त्याने मला सांगितली होती.

जुना सेन्सर काढणे हाही एक सोहळा झाला. गंजात भिजणारे तेल शिंपडून, इंजिन कोमट करून, खाच पाडलेल्या बावीसच्या पान्याने मामांनी तो तसूतसूने सोडवला. टोक काळेकुट्ट, आणि काजळीखाली पांढरट खरबरीत थर. काजळी जास्तीच्या पेट्रोलची, पांढरा थर बहुधा सिलिकोनच्या वाफेचा. तो थर टोपणाची छिद्रे बुजवतो आणि पुन्हा निघत नाही. सेन्सर असलेल्या गाडीला साधे सिलिकोन वापरूच नये. त्यासाठी वेगळे, सेन्सरला न बाधणारे मिळते.

नवा आणला तो चार तारांचा, आत हीटर असलेला. मामांनी हेडर उतरवून, चारी नळ्या एकत्र येतात त्याच्या लगेच खाली, पण नळीच्या वरच्या अंगाला, नवा नट वेल्ड करून घेतला. आडव्या रेषेपेक्षा दहा अंश तरी वर पाहिजे, ते म्हणाले. कारण थंड नळीत पाणी साचते आणि तापलेल्या झिर्कोनियावर थेंब पडला की तो तडकतो. जुन्या नटाला बूच मारले. आट्यांना जाम न होण्याची पेस्ट लावली, टोकाला तिचा स्पर्शही होऊ दिला नाही. हीटरला वीज किल्लीनंतरच्या तारेवरून, स्वतंत्र फ्यूज घालून दिली.

तारा जोडायची वेळ आली तेव्हा मी आपला अभ्यास दाखवण्यासाठी म्हणालो, “डाग देऊन घ्या ना, पक्कं होईल.”

मामांनी माझ्याकडे, चुकीच्या वृत्ताचे नाव सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी पाहतो, तसे पाहिले. “ह्याला आतून स्वच्छ हवा लागते, सर. बऱ्याच सेन्सरांना ती ह्या तारांच्या पेडांतून जाते. डाग दिला की श्वास कोंडला.” आणि त्यांनी तारा दाबपट्टीने दाबून जोडल्या.

नाकाने धूर हुंगायचा आणि श्वास घ्यायचा तो शेपटीतून! मी घरी येईपर्यंत ह्या कल्पनेवर खूश होतो.

चिरंजीवांना मी वाटेत सगळे सांगितले. त्यांनी मला ऐकून घेतले, आणि “मी म्हटलं होतं” हे वाक्य उच्चारले नाही. त्यांनी खरोखरच म्हटले होते, आणि मी त्यांना काटकसरीवर दहा मिनिटे ऐकवले होते. जाताजाता त्यांनीच मला सांगितले की २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांना असे दोन सेन्सर असतात. दुसरा कन्व्हर्टरच्या मागे बसून त्याच्यावर पहारा करतो. हौशी मंडळी कन्व्हर्टर काढून टाकतात आणि हा पहारेकरी बोंब मारू नये म्हणून त्याला एका पोकळ तुकड्यावर, धुरापासून दूर बसवतात. “म्हणजे दिवा लागत नाही,” चिरंजीव म्हणाले. हे त्यांनी जरा अधिकच माहितगारपणे सांगितले असे मला वाटले. पण त्या दिवशी कुणाला काही सुनावण्याचा नैतिक अधिकार माझ्यापाशी शिल्लक नव्हता. त्यांच्या त्या कल्पनेवर मी योग्य वेळी बोलणार आहे.

पीयूसीच्या पोराने दांडी घातली, आणि आकडा आला ०.२. त्याने काही न बोलता अंगठा वर केला. इंजिनाची शक्ती किती वाढली असे विचाराल, तर मला सांगता येणार नाही. मला तरी ती जाणवली नाही.

आईची डोकेदुखी थांबली. पुढच्या सोमवारी ती उतरली तेव्हा मी दारापाशी उभा होतो. “आज गरगरलं नाही,” ती म्हणाली, “ह्या नवीन गोळीचा गुण आला बघ.” मी तिला खरे सांगितले, पण ते चार दिवसांनी. तिने ऐकले आणि विचारले, “तू पण तर पुढं बसायचास. तुझं डोकं दुखायचं का?” दुखायचे. मी ते परीक्षेच्या पेपरांच्या नावावर खपवले होते.

अण्णा मात्र रागावले होते. बोलले काहीच नाहीत, हा त्यांचा राग. तिसऱ्यांदा टाकी भरली त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. वही उघडी होती. १३.८ च्या खाली त्यांनी नुकताच १४.२ हा आकडा लिहिला होता. दुरुस्तीच्या पानावर मामांचा खर्च मांडला होता : गॅस्केट, वेल्डिंग, मजुरी. शेवटच्या ओळीत रुपये ४,१५० लिहिलेले होते आणि त्याच्या समोरचा तपशिलाचा रकाना रिकामा होता.

“ह्या वस्तूला मराठीत काय म्हणतोस?” चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले.

तीन आठवड्यांत मला उद्देशून आलेला तो पहिला पूर्ण प्रश्न होता. मी अदबीने म्हणालो, “प्राणवायू-संवेदक म्हणता येईल.”

अण्णांनी क्षणभर विचार केला, लेखणीचे टोपण काढले, आणि रकान्यात लिहिले : ‘नाक’.